निषिद्ध फळ: मिल्टनचं, पुराणातलं आणि आपल्या बांधावरचं

बालाघाटची_लेक

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईला कॉलेजात इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या आदम-ईव्हवरच्या इंग्रजी महाकाव्याचा नववा सर्ग चालू होता. ईव्ह हात लांबवते, फळ तोडते, खाते, आणि मिल्टन लिहितो की धरणीला जखम झाली. तिथं वर्गात एकदम शांत झालं. मग मागच्या बाकावरची केजची एक मुलगी उठली. "मॅडम, आपल्याकडं देवानं कुणाला फळ खाऊ नको म्हणलंय का कधी?"

मला पटकन सांगता आलं नाही. डोळ्यांपुढं आली ती माझी आजी.

आजी काशीला जाऊन आली तेव्हा मी दुसरीत असेन. काशीला गेलं की आवडीचं एक फळ आणि एक भाजी तिथंच सोडून यायची रीत तुम्हाला माहीत आहे. आजीनं सीताफळ सोडलं. आमचं शेत धारूरच्या डोंगराला लागून, बांधावर नुसती सीताफळीची झाडं. दसऱ्यापासून घरात एका कोपऱ्यात गवतात पिकत घातलेली असायची. आजी रोज सकाळी एकेक फळ अंगठ्यानं दाबून बघायची. डोळे उघडलेलं फळ दोन्ही हातांनी अलगद दुभंगायची आणि अर्धं मला, अर्धं भावाला. बोटांना लागलेला गर ती पदराला पुसायची. ते बोट तोंडात गेलेलं मी कधी बघितलं नाही. ती गेली तोपर्यंत बावीस वर्षं झाली होती.

इडनच्या बागेतलं फळ वरून आज्ञा आली म्हणून निषिद्ध. आजीचं फळ तिनं आपणहून निषिद्ध केलेलं. हा फरक मला मोठा वाटतो, पण एवढ्यावर त्या मुलीला उत्तर देता येत नाही. आपल्या महाकाव्यांत, पुराणांत, गोंधळ-कीर्तनात खाऊ नये असं फळ कुठं कुठं आहे? आणि ते खाल्ल्यावर काय होतं? सगळ्यांनी लिहा.

गोदाकाठ

ताई, फार चांगला धागा. आम्ही पैठणचे, त्यामुळं सुरुवात रामायणापासूनच करणार.

लहानपणी नाथांच्या वाड्यात कीर्तनात ऐकलेलं अजून कानात आहे. मारुती अशोकवनात सीतामाईला भेटतो, मुद्रिका देतो, मग म्हणतो भूक लागली. वनात फळं लगडलेली, पण बाग रावणाची, राखण राक्षसांची. सीतामाई म्हणते, बाळा, खाली पडलेली असतील तेवढीच खा, झाडाला हात लावू नको. मारुती आज्ञा तंतोतंत पाळतो. झाडाला हात लावत नाही, शेपूट लावतो! अख्खी झाडं उपटून आपटली की सगळी फळं खालीच पडणार ना. बुवा इथं थांबायचे आणि सगळा मंडप हसायचा.

दुसरं वाल्मीकींच्या सुंदरकांडातलं मधुवन. सुग्रीवाची राखीव बाग, राखणदार दधिमुख, तो सुग्रीवाचा मामाच. सीतेचा शोध लागल्याच्या आनंदात वानर त्या बागेत शिरतात, मध पितात, धुडगूस घालतात. दधिमुख रडत सुग्रीवाकडं जातो. सुग्रीवाला राग येत नाही, तो ओळखतो की काम फत्ते झालं, त्याशिवाय यांची अशी हिंमत झाली नसती. मनाई मोडली, आणि तीच आनंदाची खूण ठरली. मिल्टनच्या बरोबर उलट.

पाणंद

वाचतोय. शेपूट लावतो हे लई आवडलं.

नांदेडचा_मास्तर

गोदाकाठ, गोष्टी सुरेख, पण मला एक अडतंय. अशोकवनातली मनाई शत्रूची आणि मधुवनातली राजाची. मिल्टनच्या फळाची जात निराळी आहे.

तिथं फळात विष नाही, ते झाडही वाईट नाही. बागेत हवं ते खा, हे एकच नको. चौथ्या सर्गात आदम स्वतःच म्हणतो की आपल्या आज्ञापालनाची ही एकच खूण देवानं ठेवली आहे आणि ती सोपी आहे. म्हणजे फळ हे निमित्त. प्रश्न असा की कारण न सांगता दिलेला शब्द तुम्ही पाळता का. म्हणूनच आदमचं खाणं ईव्हच्या खाण्यापेक्षा जास्त चटका लावतं. ईव्हला सापानं फसवलं. आदमला कुणी फसवलेलं नाही. ती आता मरणार हे त्याला स्पष्ट दिसतं, तिच्याविना जगणं नको म्हणून तो डोळे उघडे ठेवून खातो. मिल्टनला ते पाप म्हणायचंय, आणि लिहिताना मात्र तो त्या माणसावर जीव लावून बसलाय. मी तीस वर्षं ती ओळ शिकवली, दर वर्षी तिथं घसा दाटायचा.

दहाव्या सर्गातली शिक्षाही बघा. सैतान नरकात परत येऊन बढाई मारतो की मी माणसाला एका सफरचंदानं नादाला लावलं. टाळ्यांऐवजी फूत्कार ऐकू येतात, सगळे सैतान साप होतात. समोर तसंच झाड उगवतं, तहान-भुकेनं ते तुटून पडतात, आणि तोंडात गर येत नाही, राख येते. कडू राख. पुन्हा भूक, पुन्हा तोच घास. फळाचं प्रतीक इथं पूर्ण होतं असं मला वाटतं.

गंदूम

मास्तर, तुम्ही सफरचंद म्हणालात म्हणून लिहितो. मी परभणीचा. आमच्या घरी दादीनं सांगितलेल्या किश्श्यात सफरचंद नव्हतंच. हजरत आदमनं खाल्ला तो गहू. म्हणून माझं इथलं नावही तेच, गंदूम म्हणजे गहू. कुराणात झाडाचं नाव नाही, नुसतं 'हे झाड' आहे. नंतरच्या टीकाकारांनी गहू, द्राक्ष, अंजीर अशी नावं सांगितली.

दादीचा किस्सा मला अजून पटतो, कारण ती लगेच पुढं म्हणायची, "तवापासून माणूस नांगर धरून बसलाय." जन्नतमध्ये आयतं होतं, गहू खाल्ला आणि पेरणी-काढणी मागं लागली. रब्बीत गव्हाला पाणी द्यायला थंडीत रात्रीची लाइट यायची, वडील मोटर चालू करायला जायचे, तेव्हा हे वाक्य हमखास निघायचं.

आणखी एक. कुराणात दोष एकट्या बाईवर नाही. दोघंही चुकले, दोघांनी मिळून माफी मागितली, आणि अल्लानं ती कबूल केली. उर्दूच्या शायरांनी तर या हकालपट्टीला प्रेमाच्या गल्लीत आणून बसवलं. गालिब म्हणतो, 'निकलना ख़ुल्द से आदम का सुनते आए हैं लेकिन, बहुत बे-आबरू हो कर तिरे कूचे से हम निकले.' सिराज आणि वली या शायरांच्या औरंगाबादेत हा शेर टाळ्या न घेता कधी गेला नसेल.

सातवा_मैल

गंदूमभाई, ज्यू लोकांच्या तालमूद या धर्मग्रंथातही हाच वाद आहे. एक पंडित म्हणतो द्राक्षवेल, एक म्हणतो अंजीर, आणि एक म्हणतो गहू. गव्हाचं कारण काय दिलंय बघा. लेकरानं धान्याची चव घेतल्याशिवाय त्याला 'आई', 'बाबा' अशी हाक मारता येत नाही, म्हणजे ज्ञान धान्यातूनच येतं. हे वाचून मला आपली उष्टावण आठवली. मामाच्या मांडीवर बसवून खिरीचं बोट लावतात ती. त्या पंडितांच्या हिशेबानं प्रत्येक लेकराची उष्टावण म्हणजे एक इडनच झालं.

सफरचंद आलं ते लॅटिनमधून असं सांगतात. लॅटिनमध्ये 'मालुम' म्हणजे सफरचंद आणि 'मालुम' म्हणजेच वाईटही. शब्दाला शब्द चिकटला. पण सगळ्यांनी ते मानलं नाही, मायकेलअँजेलोनं सिस्टाइन चॅपेलच्या छतावर अंजिराचंच झाड काढलंय.

पाणंद

फळ खाल्लं आणि सगळं मालूम झालं!

सातवा_मैल

पाणंदभाऊ, हे तर लॅटिनवाल्यांनाही सुचलं नसतं. 😄

चिंचेखाली

तुम्ही सगळे लई वरच्या झाडावर चढलात, मी खालचं सांगते. आमच्याकडं (औसा) निषिद्ध फळ वर्षाला दोनदा तरी असतं.

तुळशीच्या लग्नाआधी बोर, आवळा, चिंच, ऊस तोंडात घालायचा नाही. लग्न लागलं, 'बोर भाजी आवळा, कृष्णदेव सावळा' म्हणून झालं, की पोरं मांडवाचा ऊस ओढायला मोकळी. आणि आंबा आखितीपर्यंत नाही. आखितीला करा भरायचा, त्यावर आंबा ठेवायचा, पितरांना दाखवायचा, मगच घरात आंबा कापायचा.

मी नऊ वर्षांची असताना आखितीच्या चार दिवस आधी पाड लागलेला एक आंबा न्हाणीमागं बसून खाल्ला. कोय भिंतीपल्याड फेकली. पण चीक ओठाला लागला आणि दुसऱ्या दिवशी ओठाच्या कडेला फोड उठला. आजोबांनी बघितलं, काही बोलले नाहीत. आखितीला करा भरताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्याच हातानं आंबा ठेवायला लावला. म्हणाले, "आता तू दे त्यांना." मी रडले. आजही आखितीला आंबा मीच ठेवते.

ताई, तुमच्या विद्यार्थिनीला हे सांगा. आपल्याकडं 'खाऊ नको' असं फार कमी वेळा असतं. 'आधी त्यांना दे, मग खा' असं असतं.

बालाघाटची_लेक

चिंचेखाली, तुमचं दोनदा वाचलं. ईव्हलाही फळ खाल्ल्यावर वाटतं की लपवावं का, आदमला सांगावं की नाही. मिल्टननं ते स्वगत फार बारकाईनं लिहिलंय. पण तिथं ओठावरचा फोड बघून जवळ बोलावणारं कुणी नाही.

संबळ

अजून कुणी जांभूळ काढलं नाही? मग मी काढतो. आमचं घराणं तुळजापूरच्या आईचं, घरात गोंधळ ठरलेला.

गोंधळ्यांच्या तोंडचं जांभूळ आख्यान असं. पांडव वनात असताना भीम एक मोठं जांभूळ तोडून आणतो. ते एका ऋषीचं असतं, तपातून उठल्यावर तो तेवढंच खातो. आता शाप बसणार. कृष्ण म्हणतो, प्रत्येकानं मनातलं खरं सांगायचं, जितकं खरं तितकं जांभूळ वर चढेल आणि देठाला जाऊन लागेल. एकेक पांडव सांगतो, जांभूळ चढतं. द्रौपदी बोलते आणि फळ खाली यायला लागतं. शेवटी ती कबूल करते की कर्णाला बघून मनात आलं होतं, हा सहावा असता तर. आणि जांभूळ देठाला चिकटतं.

हे व्यासांच्या महाभारतात नाही, लोकांच्या महाभारतात आहे. गोंधळी रात्री दोनच्या सुमाराला इथं येतो. संबळ हळू होतो, दिवटीचा उजेड हलत असतो, आणि बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या असतात. मी आईकडं बघितलंय त्या वेळी.

तुमच्या मिल्टनपाशी तोडलेलं फळ परत लागत नाही. आमच्या जांभळाला परत लागायची सोय आहे, फक्त खरं बोलावं लागतं.

नांदेडचा_मास्तर

संबळ, मान गेलो. 'परत लागतं' हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. ईव्ह आणि आदमही दहाव्या सर्गाच्या शेवटी रडून कबुली देतात, क्षमाही मिळते, पण बाग सुटते ती सुटतेच.

उंबरठा

मला मात्र दोन्हीकडं तेच दिसतं. तिकडं ईव्ह, इकडं द्रौपदी. पाच जण बोलले तेव्हा जांभूळ वर, आणि बाईच्या मनात काही असलं की जांभूळ खाली. गोंधळ ऐकताना मला दर वेळी वाटतं, तिच्या मनातलंच का बाहेर काढायचं सगळ्यांदेखत?

संबळ

उंबरठाताई, हे तुम्ही म्हणता ते खरंय. पण आमच्या आईनं एकदा उलटं सांगितलं होतं. ती म्हणाली, अख्ख्या गोंधळात एवढी एकच जागा आहे जिथं बाई मनातलं बोलते आणि तिला शाप लागत नाही. उलट तिच्या बोलण्यानं सगळे वाचतात. मी त्यावर काही बोललो नाही. तुमचंही चुकीचं म्हणणार नाही.

उंबरठा

आईंचं वाक्य लिहून ठेवलं. वाद मिटला नाही, पण लिहून ठेवलं.

बेथेलचा_रस्ता

जालन्याहून. आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. धाग्यात मिल्टन आला, पण त्याच्या आधी हे फळ मराठी ओवीत आलेलं आहे आणि अजून कुणी ते काढलं नाही, याचं नवल वाटलं.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला. त्याचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं. मराठी ओव्या, लिपी रोमन, जवळजवळ अकरा हजार ओव्या. मिल्टनचं महाकाव्य आलं 1667 मध्ये, म्हणजे 51 वर्षांनी. ख्रिस्तपुराणाचे दोन भाग, पैलें पुराण आणि दुसरें पुराण, आणि अध्यायाला तो 'अवस्वरू' म्हणतो. पैल्या पुराणात सृष्टी, आदिमाता, आदिपिता, बाग, झाड, सगळं येतं, आणि स्वर्गाला शब्द वापरलाय वैकुंठ. 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा, कि रत्नांमाजि हिरा निळा, तैसी भासांमाजि चोखळा, भासा मराठी' ही ओवी शाळेत सगळ्यांनी पाठ केली असेल, ती याच पुराणातली.

माझे आजोबा रविवारी संध्याकाळी त्यातल्या ओव्या ज्ञानेश्वरीच्या चालीत म्हणायचे. शेजारचे माळकरी काका ओट्यावर येऊन बसायचे, बराच वेळ डोलायचे, मग विचारायचे, "हे कुठल्या महाराजांचं?"

गोदाकाठ

अंगावर काटा आला. अहो, पण एक गोष्ट सलते. ज्यांच्यासाठी हे पुराण लिहिलं त्या नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांची जुनी पुराणं वाचायची बंदी होती ना? म्हणजे निषिद्ध फळाची गोष्ट ज्या घरात गेली, तिथं आधी दुसरं एक फळ निषिद्ध झालेलं होतं.

बेथेलचा_रस्ता

हो. आणि ते आम्हालाही सलतं. म्हणूनच आजोबांनी घरात ज्ञानेश्वरी आणि ख्रिस्तपुराण एकाच फळीवर ठेवलं होतं.

रानवाट

विषयाला थोडं सोडून. मी शेतीखात्यातून निवृत्त. सीताफळाचं मूळ अमेरिकेतलं, आपल्याकडं ते पोर्तुगिजांमुळं पसरलं असं मानतात. म्हणजे ज्या वाटेनं स्टीफन्स आला त्याच वाटेनं सीताफळ आलं. इथं येऊन त्याला सीतेचं नाव मिळालं, मग जोडीला रामफळ, हनुमानफळ. बालाघाटाच्या खडकाळ माळावर ते असं रुजलं की 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. परक्या फळाला आपण एवढं आपलं केलं, की ते सोडणं काशीचं व्रत ठरलं.

सातवा_मैल

झाडाचा विषय निघालाय तर नवव्या सर्गातली एक जागा सांगतो. फळ खाल्ल्यावर दोघांना लाज वाटते आणि ती पानं शोधतात. कशाची? मिल्टन म्हणतो अंजिराच्या जातीचं झाड, पण फळासाठी प्रसिद्ध आहे ते नव्हे. मलबारात आणि दख्खनात लोकांना ठाऊक असलेलं, ज्याच्या वाकलेल्या फांद्या जमिनीत मूळ धरतात, आईभोवती लेकी उभ्या राहतात, आणि खांबांच्या सावलीत गुराखी उन्हाचा आसरा घेतो.

वड! इंग्लंडमधला आंधळा कवी ओळी सांगतोय, दुसरं कुणी लिहून घेतंय, आणि माणसाची पहिली लाज झाकायला त्याला दख्खनचा वड आठवतो.

चिंचेखाली

पारंब्यांना लेकी म्हणला? किती गोड.

रानवाट

पण पानं किती मोठी सांगितली त्यानं?

सातवा_मैल

ढालीएवढी.

रानवाट

मग वड त्यानं बघितलेला नाही. वडाचं पान तळहाताएवढं. पत्रावळ लावायची तरी किती पानं टाचावी लागतात, विचारा चिंचेखालींना. ढालीएवढं पान हवं तर केळीकडं जायला पाहिजे होतं. पळसानंही भागलं नसतं.

वाळवंटी

उशिरा आले. मूळ प्रश्नाकडं येते. ताई, तुमच्या आजीचं उत्तर तुमच्या शेजारीच आहे, नाथांच्या भागवतात.

भागवताच्या अकराव्या स्कंधात कृष्ण उद्धवाला सांगतो, एका झाडावर दोन पक्षी, सारखे, सखे. एक पिंपळाचं फळ खातो. दुसरा उपाशी राहतो आणि तरी बळानं तोच अधिक. ही प्रतिमा वेदातून, मुंडक उपनिषदातून आलेली आहे. नाथांनी याच स्कंधावरची टीका पैठणला सुरू केली आणि 1573 साली काशीत पुरी केली. म्हणजे बघा, ज्या काशीत तुमच्या आजीनं फळ सोडलं, तिथंच न खाणाऱ्या पक्ष्याची ओवी मराठीत पूर्ण झाली.

त्या दुसऱ्या पक्ष्याला कुणी मनाई केलेली नाही. तो शिक्षेला भीत नाही. खाणाऱ्याला हाकलतही नाही, त्याच्या शेजारी बसून राहतो. गीतेतलं 'मा फलेषु कदाचन' आपण इतकं घासलंय की त्यात 'फळ' हा शब्द आहे हेच विसरलो. कर्माचं फळ सोड म्हणून तत्त्वज्ञान झालं. घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी खरंच फळ सोडून बघितलं.

पाणंद

आमच्या मायनं पेरू सोडलेला. आज कळलं काय सोडलं ते.

बालाघाटची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. वाळवंटी, मी तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, आजीला आम्ही विचारलं होतं की सीताफळच का सोडलं, कारलं सोडायचं. आजी म्हणाली होती, "कारलं सोडून देवाला फसवायचं व्हय?" मग आईनं मला माहीत नसलेलं एक सांगितलं. पहिल्या वर्षी आजी सीताफळ फोडताना तोंड बाजूला करायची. वास सहन होत नव्हता तिला. दोन-तीन वर्षांनी तोंड फिरवणं थांबलं, आणि मग पिकलेलं फळ ओळखायचं काम तिनं कुणाला दिलं नाही.

काल वर्गात धाग्यातलं बरंच सांगितलं. शेपटीला हशा, जांभळाला एकदम शांतता. केजच्या मुलीनं वडाचं एक पान आणलं होतं, ते फळ्यापाशी धरलं आणि म्हणाली, "मॅडम, यानं काय झाकायचं?" नांदेडच्या मास्तरांचा राखेचा प्रसंग मी मूळ इंग्रजीत वाचला.

पुढचा तास गुरुवारी, कॉलेजच्या मागं वडाखाली. येताना प्रत्येकानं घरात विचारून यायचंय, आपल्याकडं कुणी कुठलं फळ सोडलंय आणि कुठं सोडलंय. आलेली नावं इथं लिहीन.